तळमजला, नदीकाठ आणि दोन पावसाळे

हे प्रकरण पुण्यातल्या सिंहगड रस्त्यालगतच्या एका छोट्या सोसायटीतलं आहे. मी तिथली सेक्रेटरी आणि दुसऱ्या मजल्यावर राहणारी. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना मी काका-काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. नदीकाठच्या इतर सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि असं घर घ्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे. चुका झाल्या, त्यातल्या काही माझ्या होत्या. त्याही यात आहेत.

पार्श्वभूमी

काका-काकूंनी हा फ्लॅट १९९७ साली घेतला. त्या वेळी विठ्ठलवाडी-हिंगण्याच्या पुढे शहर संपल्यासारखं वाटायचं. मधे शेतं होती, रात्री नऊनंतर रिक्षावाले हाफ रिटर्न मागायचे, आणि गल्लीच्या शेवटी मुठा. पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत वाढलेल्या काकांना नदीकडे उघडणारी खिडकी हवी होती. काकूंचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते, म्हणून तळमजला. अर्ध्या तळमजल्यावर पार्किंग, उरलेल्या अर्ध्यात दोन फ्लॅट, पार्किंगपासून चार पायऱ्या वर. लिफ्ट नाही. वर तीन मजले.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन, आज वय पंच्याहत्तरच्या घरात. काकू सत्तरीच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लेक कोथरूडला, मुलगा बेंगळुरूला.

रस्ता पुढे भरत गेला, धायरीपर्यंत इमारती झाल्या, पण आमची गल्ली मात्र शांत राहिली, कारण ती नदीपाशी संपते. पुढे जायला वाटच नाही, त्यामुळे वाहनं येत नाहीत. कार्तिकात पहाटे विठ्ठलवाडीच्या देवळातली काकड आरती ऐकू येते. नदी देखणी आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी ते मे पाण्यात सांडपाणीच जास्त, वर जलपर्णी, संध्याकाळी सातनंतर डासांमुळे खिडक्या बंद. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडून पाणी वाहतं झालं की काठावर ढोकरी येऊन उभी राहते, खंड्या तारेवर बसतो, आणि काकांचं ड्रॉइंग टेबल खिडकीशी सरकतं. इथून माणसं का हलत नाहीत, हे बाहेरच्यांना कळत नाही. ते कळल्याशिवाय पुढचं प्रकरणही कळणार नाही.

आता पाण्याचं गणित. आमच्या वरच्या अंगाला खडकवासला धरण आहे, आणि त्याच्याही वर पानशेत, वरसगाव, टेमघर. खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), म्हणजे चौघांत सगळ्यात लहान. पानशेत आणि वरसगाव प्रत्येकी दहा टीएमसीच्या वर. वरून येणारं पाणी वाढलं की खडकवासल्यात पाणी धरून ठेवायला जागाच नसते, जेवढं येईल तेवढं खाली सोडावं लागतं. हा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला गल्लीच्या टोकावरून जात आहेत, असं डोळ्यांसमोर आणा.

नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा, १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा १ लाख क्युसेकला धरलेली आहे. काका-काकूंनी घर घेताना या रेषांबद्दल कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. तेव्हा कुणीच विचारत नसे.

अडचण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणातून ४५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा गुडघाभर पाणी आलं. काका-काकूंच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी भिजली, चौथी कोरडी राहिली. पाणी उतरल्यावर काकांनी पार्किंगच्या खांबावर पेन्सिलने सरळ रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. ती रेघ आमच्या सगळ्यांच्या मनात पक्की बसली: पंचेचाळीस हजारांना चौथी पायरी कोरडी.

२०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. देवळाकडची गर्दी ओसरून आठवडा झाला होता. २४ जुलैला दिवसभर पाऊस थांबलाच नाही. रात्री अकराच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर विसर्ग वाढवत असल्याचा मेसेज फिरला. मी खाली गेले. काका पलंगावर बसून बातम्या बघत होते.

"काका, आज वर या आमच्याकडे. काकूंना आत्ताच नेऊ, पायऱ्या कोरड्या आहेत तोवर."

"अगं, पंचेचाळीस हजारांना चौथी पायरी भिजली नाही. आज त्याच्या निम्मंही नाही. आणि पानशेत पाहिलंय मी अकराव्या वर्षी. जा, झोप तू."

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काका पेठेत होते. त्या पाण्यातून वाचलेल्या माणसाला पाण्याबद्दल मी काय सांगणार, असं मला वाटलं. काकू आतल्या खोलीत होत्या. मी त्यांना विचारलंच नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला, आणि तो चुकला. चूक काकांची जेवढी, तेवढीच माझी.

पावणेचारला वॉचमनने दार वाजवलं. मी उतरले तेव्हा पार्किंगमध्ये पाणी होतं, पण फार नव्हतं. आम्ही सगळे पार्किंगच्या फाटकाकडे बघत होतो, पाणी तिकडून चढतंय का म्हणून. घरात पाणी दारातून आलंच नाही. ते न्हाणीच्या जाळीतून आलं. बाहेरची ड्रेनेजची लाइन नदीच्या पाण्याने भरली की घरातली घाण उलटी वर येते. काकूंना जाग आली ती वासाने. त्यांनी पाय खाली टेकवला तर घोट्यापर्यंत काळं पाणी.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. पहिल्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या. काका मागोमाग येतील असं वाटलं, तर ते कपाटातली कागदपत्रं आणायला परत आत गेले. तोवर पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं आणि मीटर रूममधल्या मेन स्विचपर्यंत कुणाला पोचता आलं नव्हतं. मी जिन्यावरून ओरडत होते. काही मिनिटांत आख्ख्या गल्लीची वीज गेली. महावितरणने फीडर बंद केला होता. आम्ही वाचलो ते त्यामुळे. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी भागात विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. ही बातमी आम्हाला दुपारी कळली, आणि काकांनी हातातली फाइल खाली ठेवली.

उजाडलं तेव्हा खालच्या घराच्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. सकाळी विसर्ग ३५ हजारांच्या आसपास असल्याचं सांगत होते, म्हणजे २०१९ पेक्षा कमी. जवळच्या एकता नगरीत लष्कराची तुकडी आली. अकराच्या सुमारास अग्निशमन दलाची रबरी बोट आमच्या गल्लीत आली आणि काकू जिन्याच्या सहाव्या पायरीवरून त्या बोटीत बसल्या.

कमी विसर्गाला जास्त पाणी कसं आलं, यावर नंतर बराच वाद झाला. मला जे समजलं ते असं. धरणातून सोडतात तो आकडा फक्त धरणाचा असतो. धरणाच्या खाली पडलेला पाऊस, ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळणारं पाणी त्यात धरलेलं नसतं. त्या दिवशी शहरात चोवीस तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. शिवाय पात्र तेच राहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांत रात्री ट्रकने आणून टाकलेला राडारोडा आम्ही खिडकीतून बघितला आहे. भांडं उथळ झालं की कमी पाण्यातही ते भरतं. आमची खांबावरची रेघ २०१९ च्या पात्राची होती.

नुकसान

पाणी उतरल्यावर घरात नडगीपर्यंत गाळ होता. फ्रिज पाठीवर आडवा तरंगून स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे डबे बंद होते, पण झाकणं उघडल्यावर आत चिखलाचं पाणी. सोसायटीची जमिनीखालची टाकी ड्रेनेजच्या पाण्याने भरलेली. ती तीनदा उपसून, ब्लीचिंग पावडरने धुऊन, पाणी तपासून घेईपर्यंत अकरा दिवस टँकर.

कागदांचं सांगते. काकांनी जीव धोक्यात घालून आणलेली फाइल आधीच भिजली होती. खरेदीखत, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट एकमेकांना चिकटलेली. काकूंनी लेकीच्या घरी पंख्याखाली दोरी बांधून एकेक पान चिमट्यांना लावलं, मधे टाल्कम पावडर भुरभुरवत. नोंदणीचा शिक्का निळसर होऊन शेजारच्या पानावर उलटा उमटला होता. खरेदीखताची प्रमाणित प्रत नोंदणी कार्यालयातून काढता येते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या कागदांपायी काका मांडीभर पाण्यात उतरले होते.

शेजारच्या एकांनी पाणी उतरल्या उतरल्या गाडी चालू करून बघितली. इंजिनात पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली की इंजिन आतून मोडतं, आणि साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुधा मिळत नाही, इंजिनासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ज्यांनी गाडी ढकलत बाहेर काढून गॅरेजला पाठवली, त्यांचा क्लेम झाला.

काका-काकूंच्या घराचा विमा नव्हता. कर्ज होतं तोवर बँकेने काढलेला होता, कर्ज फिटल्यावर तो संपला आणि लक्षात आलं नाही. पंचनामा झाला, सरकारी मदत आली, ती साफसफाईत गेली.

दुसरं पाणी

पुढच्या पर्यायांकडे वळण्याआधी ४ ऑगस्टबद्दल लिहायला हवं. दहा दिवसांनी पुन्हा तसाच विसर्ग झाला, एकता नगरीत पुन्हा लष्कर आलं. या वेळी आम्ही दुपारीच हललो. गाड्या मुख्य रस्त्याला, सिलिंडर वर, आजारी आणि वयस्क माणसं नातेवाइकांकडे, मेन स्विच बंद. पार्किंगमध्ये पाणी आलं, पण कुणाचं काही गेलं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की दहा दिवसांत आमच्याकडे कोणतीही नवी माहिती आली नव्हती, कुठलं यंत्रही बसवलं नव्हतं. बदलली होती ती फक्त भीती. आणि भीती दोन वर्षांत विरते, हे २०१९ नंतर आम्ही अनुभवलं होतं. म्हणून कमिटीने ठरवलं की ही भीती ताजी आहे तोवरच नियम लिहून काढायचे.

समोरचे पर्याय

ऑगस्टमध्ये लेकीच्या घरी बैठक झाली. मुलगा बेंगळुरूहून आला होता. मलाही बोलावलं.

पहिला पर्याय घर विकण्याचा. मुलाचा आग्रह हाच होता. एजंटने सांगितलेली किंमत इतकी कमी होती, की त्यात कोथरूडला किंवा वारज्याला एक खोलीचं घरही आलं नसतं. उरलेले पैसे मुलगा घालायला तयार होता. काका तयार नव्हते.

दुसरा, पुनर्विकासाची वाट पाहणं. जुन्या इमारतींना हा मोह असतो. पण पूररेषेतल्या पुनर्विकासाला पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला लागतो, जोतं लाल रेषेच्या वर न्यावं लागतं, आणि आमचा प्लॉट लहान. दोन बिल्डर येऊन गेले, नकाशा पाहून पुन्हा फिरकले नाहीत. मला हा पर्याय म्हणजे निर्णय पुढे ढकलणंच वाटलं, आणि मी तसं सांगितलं.

तिसरा, आहे त्याच घराची तयारी वाढवणं: न्हाणीच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, उलटं आत न येऊ देणारा), विजेचे पॉइंट छातीइतक्या उंचीवर, दाराला फळी. काकांचा कल इकडे. चांगलं होतं, पण यात काकू रात्री तिथेच झोपणार होत्या.

चौथा, पावसाळ्याचे चार महिने लेकीकडे. दोन खोल्यांचं घर, बारावीतला नातू. कुणी उघड नाही म्हणालं नाही, पण हे चालणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

तासभर आम्ही चौघं बोलत होतो. काकू चहा ठेवून गेल्या, कप न्यायला आल्या. तेव्हा लेक म्हणाली, "आई, बस ना. तुला काय वाटतं?"

काकू म्हणाल्या, "मला नदी सोडायची नाही. पण हल्ली रात्री पाऊस लागला की मी पाय खाली टेकवून बघते, फरशी ओली आहे का. असं रोज नको."

त्या एका वाक्यातून प्रश्न नीट मांडला गेला. घर विकायचं की ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. रात्री झोपायची जागा कोरडी हवी आणि दिवसा बसायची जागा नदीपाशी हवी, हा होता. असा मांडल्यावर पाचवा पर्याय दिसला. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, पुरानंतर भाडेकरू सोडून गेलेले. मालक नाशिकला. भाडं महिना १७ हजार.

काय केलं

फ्लॅटचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला. भाड्यातला मोठा वाटा मुलगा देतो. पलंग, कपाट, स्वयंपाकघर वर गेलं. खालचं घर दिवसाचं झालं: तिथे काकांचं टेबल, दोन वेताच्या खुर्च्या, धुता येईल असंच सामान. अठरा पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवला. काकू दिवसातून एकदाच उतरतात आणि एकदाच चढतात. फिजिओथेरपिस्टला विचारूनच हे ठरवलं.

विमाही काढला. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर येतो, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं.

सोसायटीच्या पातळीवरचं मुख्य काम काकांनी केलं. दिवाळीनंतर नदी खाली गेल्यावर त्यांनी वॉचमनला बरोबर घेतलं, गवंडी लेव्हल काढतात तशी पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने पातळी मोजली, पार्किंगच्या फरशीपासून गल्लीच्या टोकाच्या संरक्षक भिंतीपर्यंत. तीन सकाळी लागल्या. पार्किंगची फरशी शून्य धरली आणि भिंतीच्या नदीकडच्या बाजूला फुटाफुटावर ऑइलपेंटने पट्टे मारले. आता नदीत पाणी किती आहे हे आम्ही धरणाच्या आकड्यावरून ओळखत नाही, भिंतीवर बघतो. आकडा ऐकून फक्त एवढंच ठरतं की बघायला कधी जायचं: विसर्ग १५ हजारांच्या पुढे गेला की दर तासाला एकजण टॉर्च घेऊन जातो.

पाणी शून्याच्या सहा फूट खाली असताना गाड्या बाहेर. चार फूट खाली असताना तळमजला रिकामा, आणि कोणत्याही मजल्यावरची आजारी, वयस्क, बाळंतीण माणसं गल्लीबाहेर. दोन फूट खाली असताना मेन स्विच बंद. मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात वर नेले. त्याच्या परवानग्यांना बरेच महिने लागले, पण झालं.

यातला सगळ्यात वादाचा नियम मी सुचवला होता. ज्याच्या घरात पाणी येणार, त्याने निघायचं की नाही हे ठरवायचं नाही. तिघांची यादी, त्यातला एक तरी वरच्या मजल्यावरचा. पट्टा लागला की ते सांगतील तेव्हा निघायचं, त्या वेळी चर्चा नाही. चर्चा जानेवारीत, सर्वसाधारण सभेत, हवी तेवढी. "हे माझ्या घराबद्दल आहे," असं तळमजल्यावरचे दुसरे गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचं दुखणं मला समजत होतं. पण २४ जुलैच्या रात्री मी काकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखला आणि काकू त्या पाण्यात उठल्या. ठराव दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला.

निष्पत्ती

ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोठा विसर्ग झाला. एकता नगरीत पुन्हा पाणी शिरलं, लोकांना हलवावं लागलं. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला चार फुटांचा पट्टा बुडाला. मी काकांकडे गेले.

"आता तर आम्ही वर आहोत की," काका म्हणाले.

क्षणभर मलाही पटलं. पहिल्या मजल्यावर पाणी येणार नव्हतं, हे खरंच. पण वीज बंद झाल्यावर मोटार चालत नाही, वरची टाकी संपते, आणि रात्री काही झालं तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला पुन्हा जिन्यावरून बोटीतच उतरवावं लागतं. नियम लिहिताना हे सगळं बोललेलं होतं. यादीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वरून हाक मारली, "काका, पट्टा लागलाय." काकूंची पिशवी दाराशी तयारच होती. लेकीची गाडी कोरड्या गल्लीतून सात वाजता बाहेर पडली.

पहाटे खालच्या घरात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी आलं. व्हॉल्व्हमुळे न्हाणीतून आलं नाही, दारातून आलं, आणि दारातून येणारं पाणी येताना दिसतं. दोन दिवसांनी नळीने घर धुतलं. रंग गेला. मुलाचं म्हणणं अजून बदललेलं नाही: घर विकावं. भाड्याचे पैसे दरवर्षी जात राहणार, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. काकूंना दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन लागलं तर अठरा पायऱ्यांचं काय, याला आज आमच्याकडे उत्तर नाही.

काय वेगळं करता आलं असतं

२०१९ चा पूर ही आम्हाला मिळालेली सूचना होती, आम्ही तिचा दिलासा करून घेतला. काकांनी खांबावर पेन्सिलने रेघ मारली, त्याच आठवड्यात मीटर वर न्यायला हवे होते आणि व्हॉल्व्ह बसवायला हवा होता. व्हॉल्व्हचा खर्च सगळ्यात कमी आणि परवानगी लागत नाही, तरी पाच वर्षं कुणाला सुचलं नाही, कारण घाण उलटी येते हे आम्हाला माहीतच नव्हतं. नदीकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आजच प्लंबरला बोलवावं.

२४ जुलैला रात्री अकराला काकूंना विचारायला हवं होतं. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या जाग्याच होत्या, आमचं बोलणं ऐकत होत्या, आणि मी आत येऊन "चला" म्हणाले असते तर आल्या असत्या.

खरेदीखताची प्रमाणित प्रत मिळते, सगळ्या कागदांचे फोटो मुलांच्या फोनमध्ये ठेवता येतात, हे आधी माहीत असतं तर काका पाण्यात परत गेले नसते. घर घेतानाच महापालिकेतून झोन दाखला काढून, विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते पाहायला हवं. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. त्यांनी मार्चच्या संध्याकाळी शांतता पाहिली. मी त्यांना भिंतीपाशी नेऊन पट्टे दाखवले आणि जुलैमध्ये पुन्हा या म्हटलं. विकणाऱ्यांना ते आवडलं नाही.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. लष्कर, बोटी, अग्निशमन दलाचे जवान दरवेळी त्यांचा जीव धोक्यात घालून येतात, आणि आम्ही तिथेच राहतो. आम्हाला तो हक्क आहे का? काकांना मी हे विचारलं. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणून तर पट्ट्याला निघायचं."

पहिल्या मजल्याचा करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला आहे. खालच्या खिडकीशी काकांचं टेबल पूर्वीच्याच जागी आहे. सुताराकडून त्याच्या चारही पायांना चाकं लावून घेतली आहेत.